बिनलेबलाच्या दोन बाटल्या

पडदा वर जातो, तेव्हा सातपूरच्या एका घरात साखरपुड्याची पंगत नुकतीच उठलेली आहे. साल दोन हजार आठ. वधूपिता भारतराव ठेटे म्हणजे कारखान्यातले निवृत्त स्टोअरकीपर. कूपन कापून घेतल्याशिवाय पेपर रद्दीत न टाकणारे. स्वतः थेंबाला न शिवणाऱ्या या गृहस्थाने, मुंबईच्या व्याह्यांना आवडते म्हणून, सायबर कॅफेतून कूपन छापून घेऊन दुकानातून वाइनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. आता त्या त्यांनी मोठ्या ऐटीत व्याह्यांपुढे ठेवल्या.

व्याह्यांनी बाटली फिरवून पाहिली. लेबलच नाही!

"व्याहीबुवा, हातभट्टीची की काय?"

ठरलेलं लग्न बाटलीत बुडतंय म्हणून नवरी मंजुषाचे डोळे भरले.

"अहो, सांगा आता काय केलंत ते!" छायाबाई नवऱ्यावर खेकसल्या.

"कंपनीचीच आहे हो! लेबलं पाठवली की थोडे पैसे परत मिळतात. म्हणून काल बादलीत भिजवून सोडवली."

व्याही पोट धरून हसले. "पोरीला घरी नेतोच, पण असा बापही हवा आम्हाला!" म्हणत त्यांनी बाटल्या पिशवीत घातल्या.

भारतराव मात्र गंभीरच. "बुचं तेवढी जपून ठेवा हं. उद्या त्यांच्यावरही योजना निघेल."