नानाची मावशी

मिरजेच्या दवाखान्यातून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, नाना गेला. बाबांनी ऐकलं, चपला घातल्या आणि एस.टी. स्टँडची वाट धरली. त्याला आता महिना होऊन गेला…

नाना म्हणजे माझा चुलता, बाबांचा धाकटा भाऊ. तमाशाच्या फडात तो गवळणीतली मावशी करायचा. गण झाला की गवळण. कृष्ण गौळणींची वाट अडवतो आणि त्याच्याशी भांडायला पुढं येते ती ही खट मावशी, नऊवारी नेसलेला पुरुष. आमच्या घरात हे चालण्यासारखं नव्हतं. आजोबांनी गावाच्या हुकमानं ढोलकी वाजवली होती आणि छप्पन सालानंतर, बौद्ध झाल्यावर, ती कायमची खाली ठेवली होती. नाना फडाबरोबर निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "म्हाताऱ्यानं सोडलं ते तू परत गळ्यात घालतूस व्हय रं?"

"दादा, ते हुकमाचं हुतं. ही माजी हौस हाय."

बाबांनी त्याचा तमाशा कधी बघायचा नाही असं ठरवलं आणि पाळलं. हट्टाला आमच्या घरात कधी तोटा नव्हता. पण त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

मी मात्र मामाच्या गावच्या जत्रेत नानाला चोरून पाहिलं. कृष्ण मावशीला वय विचारायचा. ती पदर खोचून बोटांवर मोजू लागायची. दहाही बोटं संपायची. मावशी गप्प, सगळा तंबू गप्प… मग हळूच कृष्णापुढं हात पसरून, "तुजी बी बोटं दे की रं जरा." लोक पोट धरून हसायचे. हा विनोद तंबूतून ऑर्केस्ट्रात गेला, शाळांच्या गॅदरिंगमध्ये गेला, एका सिनेमातही गेला. नानाचं नाव कुठंच गेलं नाही. नव्वद साल उलटलं आणि लोक तंबूत सिनेमाच्या गाण्यांसाठी आरडाओरडा करू लागले. एका जत्रेत फडमालकानं गवळणच कापली. लुगडं नेसून तयार असलेला नाना पडद्यामागंच राहिला. त्या पब्लिकचा मला अजून राग येतो.

पुढं नानाला घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये आवाजच गेला. एका दुपारी वॉर्डातल्या टीव्हीवर तोच सिनेमा लागला. साडी नेसलेला नट बोटं मोजू लागला आणि सगळा वॉर्ड हसला. खाटेशेजारी बसलेले बाबाही हसले, डोळ्यांत पाणी येईतो. नाना त्यांच्याकडं नुसता बघत होता. मला राहवलं नाही.

"बाबा, हे नानाचं हाय."

बाबांचं हसू थांबलं. नानाकडं वळून म्हणाले, "करून दाव की गड्या."

नानानं चादर डोक्यावरून घेतली. बोटं मोजली. थांबला… त्या नटापेक्षा कितीतरी जास्त थांबला. मग बाबांपुढं हात पसरला. ओठ हलले, आवाज नव्हता. बाबांनी आपला हात त्याच्या हातात दिला, तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

आता जत्रांचे दिवस आहेत. आसपास कुठं तंबू लागला की बाबा काठी घेऊन निघतात आणि पुढच्या रांगेत जाऊन बसतात. सकाळी आई चहा देताना विचारते, "कसा हुता तमाशा?"

"एकदम गान्यानंच सुरू केलं," बाबा म्हणतात. "काल बी मावशी आली न्हाई."