नगरसेवकांची मुलगी

२ मे. सकाळी रद्दी बांधताना एका पेपरातून कुणीतरी कूपन कापून घेतलेलं दिसलं आणि पंचवीस वर्षांपूर्वीची नाशिकरोडची शाळा आठवली. मी आठवीची वर्गशिक्षिका होते. सहामाहीत तीन मुलींना कॉपी करताना मीच पकडलं. वर्तमानपत्रात नाव आणि फोटो आला तो फक्त नगरसेवकांच्या मुलीचा. शाळेत येणारा पेपर वाचनालयात ठेवण्याआधी मी ती बातमी कात्रीने कापून टाकली. शिपाईमावशी हसल्या, "बाई, भोक पाडलं तुम्ही. आता तर समद्या पोरी शोधतील, इथं काय व्हतं म्हणून." तसंच झालं. मधल्या सुट्टीत घरी जेवायला गेलेल्या मुली चार पेपर घेऊन परतल्या आणि वर्गभर ते फिरले. नगरसेवकांची मुलगी माझ्याकडे आली. "बाई, त्या दोघींची नावं का नाही छापली?" "त्यांचे वडील निवडून आलेले नाहीत." "पण निवडणुकीला मी कुठे उभी होते?" संध्याकाळी तिच्या वडिलांनी येऊन शाळा सोडल्याचा दाखला नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरीपटात तिच्या नावावर लाल रेघ मारली आणि हजेरी घेतली. त्या दोघी हजर होत्या.