विनिफ्रेडबाईंची उशिराची चिठ्ठी

वसईच्या मराठी शाळेत शिकलेली बाई सिडनीत केलीव्हिलजवळच्या दोन हजार पोरांच्या इंग्रजी हायस्कूलात सतरा वर्षं ऑफिसच्या खिडकीत बसते, आणि तिला सतरा वर्षांत पहिला मेमो मिळतो. कशासाठी, तर पोरांबरोबर चालली म्हणून. मला अजून राग आवरत नाही. पण सुरुवातीपासून सांगतो.

माझी नात मयूरा तिथं सातवीत. बोलायला माझ्यावर गेली आहे, त्यामुळे शाळेच्या वादविवादाच्या टीममध्ये लगेच निवड झाली. मुलगा-सून दोघंही पहाटेच्या शिफ्टला जातात, म्हणून शाळेत संपर्काला माझा मोबाईल नंबर दिलेला. शाळेला उशीर झाला की मला मेसेज येतो: आपली पाल्य उशिरा आली, कारण कळवा.

आता मला कोणी कारण विचारलं तर मी एका ओळीत सांगू शकत नाही. मी मराठीत व्यवस्थित लिहायचो. बस आली, पण आधीच गच्च भरलेली होती, ड्रायव्हरनं हात हलवला आणि थांबला नाही, पोरं स्टॉपवर तशीच. वस्ती वाढली, घरं वाढली, बस तेवढीच. पुढं ओघात आमच्या पाटण तालुक्यातल्या शाळेची एखादी गोष्ट यायचीच. असे चौदा मेसेज गेले.

मग एका दुपारी मयूरा तोंड पाडून घरी आली. दहापेक्षा जास्त वेळा विनाकारण उशीर, म्हणून टीममधून काढणार. शुक्रवारी पहिला सामना. मी म्हटलं, विनाकारण कसा? मी चौदा कारणं दिली आहेत.

"आबा, सिस्टिममध्ये एकही नाहीये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. दारातच एक यंत्र उभं केलेलं. उशिरा आलेल्या पोरानं कार्ड लावायचं आणि पडद्यावरच्या पाच कारणांतलं एक निवडायचं. आजारपण, डॉक्टर, असली कारणं. बस भरली हे त्यात नाही. पाचवं 'इतर', ते दाबलं की आपोआप विनाकारणात जमा. माणसानं माणसाला का उशीर झाला हे विचारायचं, त्याला एवढं मोठं कपाट कशाला लागतं?

खिडकीत विनिफ्रेडबाई होत्या. यंत्र यायच्या आधी उशिराच्या गुलाबी चिठ्ठ्या त्याच द्यायच्या. कोणाचं घर लांब, कोणाची आई आजारी, सगळं तोंडपाठ. माझी इंग्रजी दोन वाक्यांत संपल्यावर त्या मराठीत म्हणाल्या, "बसा काका, बघते." पालकांची उत्तरं एका पेटीत पडतात आणि ती पेटी कोणी उघडतच नाही, हे त्यांना त्या दिवशीच कळलं. शेकडो उत्तरं होती. माझी चौदा त्यांनी तिथंच वाचली. चष्मा काढून डोळे पुसले आणि पहिला प्रश्न असा केला:

"नवव्या मेसेजात म्हैस वर्गात शिरली म्हणताय. मग गुरुजींनी केलं काय?"

तिला उभं ठेवून हजेरी घेतली, म्हटलं.

त्यांनी चौदाही मेसेज इंग्रजीत उतरवले आणि उपमुख्याध्यापक इयान यांच्याकडे नेले. इयान सभ्य गृहस्थ. त्यांचं म्हणणं, बस शाळेची नाही, तेव्हा बसचं कारणही शाळेचं नाही. शिवाय हातानं नोंद करायची नाही, असा नियम आहे. म्हणजे पोर स्टॉपवर उभं राहिलं ती चूक पोराची.

आमच्या गावी ओढ्याला पाणी आलं की गुरुजी हजेरीबुक घेऊन काठावर यायचे. आम्ही पलीकडून हात वर करायचो आणि ते हजर मांडायचे. मी हे विनिफ्रेडबाईंना सांगितलं. त्यांनी आमचा स्टॉप कोणता, तेवढंच विचारलं. मला वाटलं, गोष्ट आवडली नाही.

गुरुवारी सकाळी पावणेआठला त्या आमच्या स्टॉपवर हजर. हातात गुलाबी चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा. पहिली बस भरलेली, गेली. दुसरीही गेली. मयूरा धरून अकरा पोरं राहिली. बाई म्हणाल्या, चला. सगळे चालत निघाले, मागं मी. पाऊण तास चढ. मयूरा मैत्रिणीला सांगत होती की मिस फुल क्रेझी आहेत.

शाळेत पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते आणि खिडकी बंद. बाईंनी स्वतःचं कार्ड यंत्राला लावलं. ते घेईना, स्टाफला उशीर होतो हे त्याला माहीतच नाही. मग त्यांनी गठ्ठ्यातली एक चिठ्ठी स्वतःच्या नावानं लिहिली आणि त्यांना शोधत आलेल्या इयानना दिली.

इयाननी वाचलं. "बस भरलेली?"

"तुमच्या यादीत नाही, म्हणून हातानं लिहिलं," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "आता माझा उशीर विनाकारण धरायचा असेल तर या अकरांचाही धरा."

इयाननी त्या अकरा घामेजलेल्या तोंडांकडे बघितलं. मग त्यांनी पेटी उघडायला सांगितली. बसच्या तक्रारी एकट्या माझ्या नव्हत्या. चिनी, कोरियन, पंजाबी, सगळ्या भाषांतल्या होत्या. दुपारपर्यंत सगळे उशीर पुसले गेले. शुक्रवारी मयूरा बोलली. हरली, पण बोलली.

आणि सोमवारी बाईंना मेमो. परवानगीशिवाय कामाची जागा सोडली. अरे, कामाची जागा त्या स्टॉपवरच होती, तुम्ही कोणी गेला नव्हता एवढंच. बाई हसून म्हणाल्या, "जाऊ दे काका, नो वरीज."

मी नाही जाऊ दिलं. मुख्याध्यापकांना मेसेज केलाय, मराठीत, चांगला लांबलचक, ओढ्यासकट. त्या अख्ख्या शाळेत तो वाचू शकेल असं माणूस एकच आहे. मेमो मागं घ्यायचा की नाही हे ठरवायला आता त्यांना विनिफ्रेडबाईंनाच बोलावून तो वाचून घ्यावा लागेल. म्हशीपासून शेवटपर्यंत.