उशाखाली न ठेवलेला नीलम

तीस वर्षं मी दुसऱ्यांचा माल नापास करत आलो. कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला होतो. ड्रम आला की नमुना काढायचा, तपासायचा, बरा निघाला तर हिरवं स्टिकर, नाहीतर लाल. पुरवठादारानं जोडलेल्या सर्टिफिकेटवर विसंबायचं नाही, हे मी नव्या मुलांना दरवर्षी शिकवायचो, तेही आवाज चढवून. आणि असा हा मी, कल्याणमध्ये एका दलालाच्या घरी चहा पिता पिता, तीन खडे नुसतं सर्टिफिकेट बघून घेऊन आलो. एक पुष्कराज, एक पाचू, एक नीलम.

डोक्यात गुंतवणूक होती. बँकेत व्याज उरलं नव्हतं, सोनं तर सगळेच घेतात, आणि आपण चारचौघांपेक्षा हुशार आहोत अशी माझी जुनी समजूत. दलाल म्हणाला की रत्नं खाणीतून दिवसेंदिवस कमी निघताहेत, भाव वरच जाणार, आणि ठेवायला जागा लागत नाही. डोंबिवलीला घरी आलो आणि बायकोला त्या कागदावरचं वजन, रंग, पारदर्शकता असं सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की हे विकायचं झालं तर घेणार कोण? मी चिडलो. त्या सगळ्या व्यवहारात तेवढा एकच शहाणा प्रश्न होता, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

नीलम घरात आणला म्हणून मात्र ती खरंच घाबरली. शनीचं रत्न ते, लाभलं तर लाभलं, नाहीतर घर बुडवतं. म्हणून नीलम बोटात घालण्याआधी तीन रात्री उशाखाली ठेवून बघतात. झोप शांत लागली तर ठेवायचा, वाईट स्वप्नं पडली तर परत करायचा. आम्ही काय अंगठी करणार आहोत का, असं म्हणून मी हसलो आणि तिन्ही डब्या कपाटाच्या लॉकरमध्ये टाकल्या.

दीड वर्षानं मुलीच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली. दलालाचा फोन लागेना. कल्याणच्या बाजारात मी चार दुकानं फिरलो. सगळ्यांनी खडा हातात घेतला, कौतुक केलं आणि परत दिला. आम्ही विकतो, घेत नाही, म्हणाले. पाचव्या दुकानातल्या म्हाताऱ्या जव्हेऱ्यानं भिंग लावून नीलम बराच वेळ पाहिला आणि मुंबईच्या एका लॅबमध्ये तपासून घ्यायला सांगितलं. लॅबचं पत्र आठ दिवसांत आलं. दगड खरा होता, पण भट्टीत तापवून वरून रंग चढवलेला. असा नीलम ग्रहासाठी कोणी घालत नाही, त्यामुळे त्याला किंमत जवळजवळ नाही. ते पत्र मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं, जिथे दुसरं कोणी हात घालत नाही. बायकोला दाखवलं नाही, कारण मग तिचा तो प्रश्न पुन्हा ऐकावा लागला असता.

त्याच महिन्यात नाखवा माझ्या केबिनमध्ये आला. तो आमच्या गोडाउनचा माणूस, कोलशेतच्याच कोळीवाड्यातला. होडी त्याच्या बापाच्या वेळीच गेली होती, तरी कंपनीत सगळे त्याला नाखवाच म्हणायचे. त्याच्या साडेसातीनं घर धुऊन काढलं होतं. मोठा मुलगा बाइकवरून पडून वर्षभर अंथरुणाला खिळला होता, धाकट्याला काम नव्हतं, आणि आता ह्याला रात्रीची झोप येत नव्हती. ज्योतिष्यानं नीलम सांगितला होता. बाजारात फसवतात म्हणून तो घाबरत होता, आणि माझ्याकडे एक आहे हे त्याला कुणाकडून तरी कळलं होतं.

मी नाही म्हणू शकलो असतो. हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा मनात म्हटलंय की आता त्याचा मलाच कंटाळा येतो.

त्यानं आधी विचारलं की मी तो बोटात घातला नव्हता ना, कारण दुसऱ्यानं घातलेला खडा घेऊ नये म्हणतात. नव्हता, हे खरंच होतं. मग तो म्हणाला, "उशाखाली ठेवून बघितलात?"

"हो. तीन रात्री."

"मंग?"

"झोप चांगली लागली."

लॉकरबाहेर न आलेल्या दगडाबद्दल मी हे बोललो, आणि त्या दिवसांत मला स्वतःला धड झोप नव्हती. नाखव्याचा चेहरा उजळला. मी सर्टिफिकेट पुढे केलं, दलालानं दिलेलं. त्यानं ते वाचलंसुद्धा नाही. "साहेब, तुम्ही हिरवं लावलं की मी डोळे मिटून ड्रम उचलतो," तो म्हणाला. "हे कागद मला कशाला?"

मी घेतलेल्याच भावाला मी तो त्याला दिला. नफा घेतला नाही, ही माझी मोठी सचोटी. संध्याकाळी बायकोनं विचारलं की त्यांना सगळं नीट सांगितलंत ना, आणि मी सांगितलं म्हणालो. तिला त्या पत्राचं काही माहीतच नव्हतं. तिला एवढंच म्हणायचं होतं की खडा उशाखाली ठेवून पाहिलेला नाही, हे सांगितलं ना.

नाखव्याची बायको माजिवड्याला संध्याकाळी मासळी घेऊन बसायची. मी कंपनीतून सुटल्यावर तिच्याकडूनच बोंबील, मांदेली घ्यायचो. पुढच्या आठवड्यात मी तिच्यापुढे उभा राहिलो तेव्हा बोंबील साफ करणारे तिचे हात नुसत्या हिरव्या काचेच्या बांगड्यांचे होते. सोन्याच्या दोन पाटल्या तिच्या मनगटात मी कायम पाहिलेल्या. त्या कुठे गेल्या हे विचारायची गरज नव्हती. तिनं नेहमीसारखे दोन बोंबील वर टाकले आणि म्हणाली, साहेबांनी आमच्यावर उपकार केले. त्यानंतर मी डोंबिवलीच्या मार्केटमधून मासळी घ्यायला लागलो. मग ती नाखव्याच्या हातानं डबा पाठवायला लागली. घरी सगळे चवीनं खायचे. मीही खायचो.

प्लांटमध्ये अंगठी चालत नाही, म्हणून नाखवा त्या खड्याची केलेली अंगठी काळ्या दोऱ्यात ओवून शर्टाच्या आत गळ्यात घालायचा. मुलगा काठी टेकत चालायला लागला, तो खड्यामुळे. धाकट्याला घोडबंदरच्या एका सोसायटीत वॉचमनचं काम मिळालं, तेही खड्यामुळे. एकदा ड्रमांची थप्पी घसरली आणि हा हातभर अंतरानं वाचला, तेव्हा तर सगळ्यांसमोर त्यानं शर्टाचं बटण काढून खडा कपाळाला लावला आणि माझं नाव घेतलं. मग आणखी दोघांनी माझ्याकडे खडे मागितले. पुष्कराज आणि पाचू माझ्याकडे पडूनच होते. ते मी विकले नाहीत. याचं श्रेय मी बरीच वर्षं स्वतःला देत होतो, जणू दोन चोऱ्या टाळल्या म्हणून पहिली माफ होते.

मधल्या काळात सोनं कुठल्या कुठे गेलं. भाव वाढल्याची बातमी आली की मला त्या पाटल्याच दिसायच्या. पैसे परत द्यायचे तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं असतं तर त्याचा गेल्या सगळ्या वर्षांचा आधार काढून घेतल्यासारखं झालं असतं. निदान मी स्वतःला असं सांगायचो. खरं कारण साधं होतं. त्याच्या नजरेत मला लाल स्टिकर नको होतं.

गेल्या वर्षी, आम्ही दोघंही रिटायर झाल्यावर, माझ्या बायकोचं बायपासचं ऑपरेशन ठरलं. कंपनीतल्या कुणाकडून तरी नाखव्याला कळलं. ऑपरेशनच्या चार दिवस आधी तो रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा असं करत, हातात पापलेटांची पिशवी घेऊन घरी आला. बसला, पाणी प्यायला, आणि गळ्यातला दोरा काढून अंगठी टेबलावर ठेवली.

"माझी साडेसाती संपली," तो म्हणाला. "दुसऱ्यानं घातलेला घेऊ नये म्हणतात, पण हा मूळचा तुमचाच. कच्च्या दुधात ठेवून घ्या. आता वैनींना गरज हाय."

मी म्हणालो की एवढी महागाची वस्तू अशी कशी घेऊ. तो हसला. पैशाचं काय, म्हणाला, तुमच्यामुळे आमचं घर उभं राहिलं. बायको दारात चहाचा कप घेऊन थांबली होती. तिच्याकडे बघत नाखवा सांगत होता, की साहेबांनी स्वतः तीन रात्री उशाखाली ठेवून मग मला दिलेला, असं कोण करतं वैनी? तिचा कप बशीवर किंचित वाजला. इतक्या वर्षांत आमच्या उशाखाली काय होतं आणि काय नव्हतं, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

आता सांग, असं मी स्वतःला म्हणालो. तोंडही उघडलं.

"फक्त फुकट घेऊ नका," नाखवा म्हणाला. "फुकट घेतलेला फळत नाय. एक रुपया द्या मला."

माझे सुटे पैसे त्याच टेबलाच्या खणात असतात. मी खण उघडला. वरच लॅबचं पत्र होतं, घडी पिवळी पडलेलं. ते बाजूला सारून मी रुपया काढला आणि खण बंद केला. नाखव्यानं तो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला.

"आज वैनींच्या उशाखाली ठेवा," तो म्हणाला. "झोप लागल बघा."

बायको माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणालो.