बाबांच्या गलोलीचं लोणचं

बागेत माकडं शिरली की बाबा गलोल घेऊन चढणीवर धावत सुटायचे. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून आले, डॉक्टरांनी धावपळ बंद करायला सांगितली, तरी यांचं आपलं चालूच. मी सुट्टीत पुण्याहून घरी आले की त्यांना लागलेली धाप ऐकून मला धडकी भरायची. रागावून झालं, रुसून झालं. आई म्हणायची, "त्यांना काय सांगतेस गो? भिंतीला सांग एक वेळ."

पडलेल्या कैऱ्या वेचणं माझ्याकडे असायचं. माकडांनी उष्टावलेल्या फेकायच्या, नुसत्या फुटलेल्या लोणच्याला ठेवायच्या. लोणच्याची पाटी दरवर्षी शिगोशीग भरायची. माकडांपेक्षा बाबांचे दगडच जास्त कैऱ्या पाडत होते, पण हे त्यांना सांगणार कोण?

एका मे महिन्यात ओटीवर बसून त्यांनी विचारलं, "बाय, तू तिकडे नक्की करतेस तरी काय?"

मी सांगितलं: मी एचआयव्हीच्या एका भाऊबंद विषाणूवर काम करते. तो माकडांमध्ये असतो. आफ्रिकेतली काही माकडं तो अंगात घेऊन जन्मभर मजेत जगतात. प्रयोगात तोच आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांना दिला की ती खंगतात. विषाणू दोन्हीकडे भरपूर. पण तो शिरला की पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडून बाकीच्यांना हाका मारतात, आणि त्यातल्या काहींनी अंगात दाह होतो. आफ्रिकेतल्या माकडांत तो लवकर निवतो. आपल्याकडच्यांत तो धुमसतच राहतो, आणि शरीर झिजतं ते बरंचसं त्या दाहानंच. अशा एका सायटोकाइनचा मी माग काढते.

बाबा म्हणाले, "म्हणजे विषाणू जात नाय, तरी ती जगतात?"

"हो. त्यांच्या पेशी एकदा ओरडतात आणि थांबतात," मी म्हटलं आणि पाटी त्यांच्यापुढे सरकवली.

ते एकेक कैरी उलटीपालटी करून दातांच्या खुणा शोधू लागले.

"ह्या सगळ्या माझ्याच?"

"तुमच्याच."

दुसऱ्या दिवशी माकडं आली. बाबांनी खुर्चीतूनच एक आरोळी ठोकली. हात गलोलीकडे गेला, पण ते उठले नाहीत. दाराआड उभी राहून मी बघत होते. मला रडूच आलं.

त्या वर्षी लोणच्याची बरणी अर्धीच भरली आणि आई कुरकुरली. आता मे महिन्यात फोन केला की मी बाबांची तब्येत विचारत नाही. बरणी कितपत भरली, एवढंच आईला विचारते. अर्धी म्हणाली की निवांत झोपते.