निम्मीच आलेली फाइल

आधीच सांगते, भुताखेतांचं मला काही वाटत नाही. आमच्या गावी, निमोण्यात, लहानपणी स्मशानाच्या कडेनं एकटी शाळेत जायचे. शिवाय माझं कामच असं, की स्क्रीनवर दिसेल तेवढंच खरं धरायचं. तरी हे लिहितेय... कारण भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत सर्व्हर सांभाळते. आमची प्रत्येक फाइल दोन मशीनवर असते – एक बंद पडलं तरी दुसरं चालू. त्या आठवड्यात त्यातलं एक मशीन गेलं, बॅकअपही त्याच बिघाडात गेला. नवीन मशीन लावलं आणि उरलेल्या जुन्यावरून त्यावर फाइली भरून यायला लागल्या. याला आम्ही 'हीलिंग' म्हणतो. किती फाइली बाकी आहेत ते एका कमांडनं कळतं. आकडा शून्य झाला की काम संपलं. जुन्या मशीनच्या डिस्कही झिजल्या होत्या, म्हणून त्यानंतर त्या पुसून बदलायच्या होत्या.

रविवार होता. मी दौंडच्या खोलीवरून लॅपटॉपवर हे बघत होते. आबा, म्हणजे माझे वडील, सकाळच्या एसटीनं आले होते. आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं, आता शेती करतात. सहीपुरतं मराठी येतं, इंग्रजीचं अक्षर येत नाही.

"हे काय पळतंय गं?"

"फाइली आहेत आबा. या मशीनवरून त्या मशीनवर चालल्यात. सगळ्या पोचतात का बघतेय."

"व्हय का," म्हणाले, आणि मागं पलंगावर बसून स्क्रीनकडं बघत राहिले. तासभर हलले नाहीत.

दोनच्या सुमारास आकडा शून्य झाला. पुन्हा पुन्हा कमांड मारली... शून्यच. मॅनेजर सरांना फोन लावला. "सर, हीलिंग पूर्ण. डिस्क पुसायला घेऊ?"

तेवढ्यात आबांनी माझं मनगट धरलं. "थांब. एक नीट आलं न्हाई."

"आबा, शून्य आहे. म्हंजी सगळ्या आल्यात."

"आल्यात गं. पर एक निम्मंच आलंय."

एरवी मी हसले असते. पण आबांचा चेहरा बघून हसू आलं नाही. "सर, दोन तास द्या," म्हटलं.

सर वैतागले. "शून्य दाखवतंय ना? मग आता कशाला?"

"मला खात्री करायचीय," मी म्हणाले.

दोन्ही मशीनवरच्या फाइली एकेक करून ताडून बघणारी स्क्रिप्ट लावली. पावणेचारला एक ओळ लाल झाली. एकच! लॅबच्या मॅडमनी एका औषधाचा टिकाऊपणा तपासायला दोन वर्षं घेतलेली रीडिंग. जुन्या मशीनवर अख्खी... नव्यावर निम्मी. आणि सिस्टीमच्या मते सगळं व्यवस्थित. डिस्क पुसली असती तर मॅडमची दोन वर्षं गेली होती.

फाइल पुन्हा कॉपी केली, ताडली, मगच डिस्क पुसायला सरांना हो म्हटलं.

"आबा, कसं कळलं तुम्हाला?"

"कळलं," आबा म्हणाले. "आता कसं त्ये इचारू नगं. मलाबी न्हाई सांगता यायचं."

दुसऱ्या दिवशी मॅडमना घडलेलं कळवलं, तसा त्यांचा फोन आला. आबांशीच बोलायचंय म्हणाल्या. बोलता बोलता रडल्या. आबा अवघडून म्हणाले, "तुमचं काम व्हतं मॅडम, वाचलं. माझं काय त्यात?"

फाइल निम्मी का राहिली त्याचं कारण मी पुढं लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, शोधलं, सापडलंही. पण स्क्रीनवर शून्य दिसत असताना आबांना ते कसं समजलं... याचं उत्तर मला कुठल्याच लॉगमध्ये मिळालं नाही.

कंपनीत अशा घटनेचा फॉर्म भरावा लागतो. 'दोष कोणाच्या लक्षात आला?' तिथं मी आबांचं पूर्ण नाव लिहिलं. 'कसा?' हा रकाना कोरा सोडला. फॉर्म परत आला. आबांच्या नावाशेजारी पेन्सिलनं विचारलं होतं – हे कोणत्या डिपार्टमेंटचे?

मी पेनानं, मोठ्या अक्षरात लिहिलं – माझे वडील.