घासलेल्या पुंगळ्यांचा दोष

ल्योवनेस गावात मूस नावाच्या थोराड हरणांच्या शिकारीचा हंगाम सरला की उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या कॉफीच्या डब्यात भरायच्या आणि तोर्नी एडफोर्सच्या शेडमध्ये नेऊन ठेवायच्या, अशी जुनी रीत होती. सोबत कुणी सुकवलेल्या मांसाचा तुकडा ठेवी, कुणी बोरांचा मुरंबा. तोर्नी पैसे घेत नसे. हयातभर त्याने रस्त्यावरचं बर्फ उपसायचा ट्रॅक्टर चालवला होता. निवृत्त झाला, पाठोपाठ बायको गेली, आणि मग हे कामच त्याचं माणसांत असणं झालं.

काम अवघड नव्हतं, चिकाटीचं होतं. पुंगळीच्या बुडातली जळकी टोपी ठोकून काढायची. मग पुंगळ्या पिंपात घालायच्या, वर पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर लिंबाचं सत आणि टाचणीएवढ्या पोलादी काड्या टाकून पिंप मोटरवर फिरत ठेवायचं. पाणी शाईसारखं काळं निघे आणि पुंगळ्या सोन्यासारख्या. सुकल्या की तो एकेक हातात घेई, तोंडाशी चीर आहे का बघे, आणि टोक वाकवलेली तार आत घालून बुडाजवळ चाचपे. तिथे धातू झिजला असेल तर तारेला खाच लागते. तशी पुंगळी तो पक्कडीने चेपून भंगारात टाकी. चांगल्या ज्याच्या त्याला परत. त्यांत नवी दारू आणि गोळी भरणं ज्याचं त्याने आपल्या घरी करायचं.

सिक्स्तेन लिंडमार्क त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. गावच्या शिकारी चमूचा तो प्रमुख होता. पुंगळ्या न्यायला आला की तास न् तास बसे.

“एवढ्या चकचकीत कशाला करतोस? मूसला तोंड बघायला?”

“तुझंच तोंड दिसतं त्यांत. म्हणून तर मूस लांब पळतात.”

त्या सप्टेंबरात, मूसच्या शिकारीच्या पहिल्याच सकाळी, कुत्रं भुंकलं, बार झाला, आणि तो आवाज नेहमीसारखा नव्हता. तोर्नी शेजारच्याच जागेवर बसला होता. धावत पोचला तेव्हा सिक्स्तेन शेवाळावर गुडघे टेकून बसला होता, दोन्ही हात तोंडावर, बोटांच्या फटींतून रक्त. पुंगळी नळीतच फुटून आग उलटी तोंडावर आली होती. हेलिकॉप्टर येईपर्यंत तोर्नीने त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं. उजवा डोळा वाचला नाही.

इस्पितळात तोर्नी भेटायला गेला. सिक्स्तेनचा अर्धा चेहरा पट्टीत होता.

“पुंगळी बुडापासून फाटली, तोर्नी,” तो म्हणाला. “तुझ्याकडूनच आली होती. पण मी पोलिसांना तुझं नाव नाही सांगितलं. जुनी पुंगळी होती म्हटलं, तक्रार नाही म्हटलं. होतं माणसाच्या हातून.”

तोर्नीने पांघरुणावरचा त्याचा हात दाबला.

पुंगळ्या कुणाच्या हातून येतात हे गावाला ठाऊकच होतं; सिक्स्तेनच्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. तोर्नीला तोंडावर कुणी लागट बोललं नाही. फक्त एकेक जण शेडकडे येऊन आपला डबा घेऊन गेला. चमूतला आल्वार म्हणाला, “यंदा विकतचीच काडतुसं घेतो म्हणतो. तुझ्यामुळे नाही हं.”

तोर्नीने पिंप उतरवून गोठ्याच्या माळ्यावर टाकलं. ती पुंगळी आपण तपासली होती का, तपासताना मन कुठे होतं, तार नीट फिरवली होती की नाही, हे तो आठवत बसे, आणि जितकं आठवावं तितकं आपणच चुकलो असं वाटे. जेवण जाईना. मग तो सिक्स्तेनच्या घरी जाऊ लागला. अंगणातलं बर्फ काढी, डोळ्याच्या डॉक्टरकडे गाडीतून नेई-आणी, चुलीची लाकडं फोडी. सिक्स्तेनची बायको गुनवोर कॉफी आणि दालचिनीचे पाव पुढे ठेवी. सिक्स्तेन खिडकीशी बसून बघे. एकदा म्हणाला, “जरा बारीक फोडत जा. चुलीत मावत नाहीत.” तोर्नीने दुसऱ्या दिवसापासून बारीक फोडली.

तळ्यावरचं बर्फ फुटायला लागलं तेव्हाची गोष्ट. सिक्स्तेन जेवून आडवा झाला होता. गुनवोर लाकडांच्या छपराखाली आली.

“ते लाकूड खाली ठेव, तोर्नी.”

“एवढी चळत रचतो नि जातो.”

“ठेव म्हणते ना. मला आता बघवत नाही.” तिने शालीचं टोक मुठीत धरलं होतं. “तुझी काही चूक नव्हती. त्याने दारू चुकीची भरली. पक्ष्यांच्या छर्‍याच्या काडतुसात घालतात ना, भसकन पेटणारी, ती. दोन्ही डबे टेबलावर होते आणि लक्ष फुटबॉलच्या सामन्यात.”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्यानेच. इस्पितळातून फोन केला, तो डबा तळ्यात टाक म्हणाला. मी टाकला.”

“म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं.”

तिने खाली पडलेला ढलपा उचलून चळतीवर ठेवला.

“आणि तू मला रोज कॉफी देत होतीस.”

तोर्नी घरात गेला. सिक्स्तेन उठून बसला होता. त्याने एका डोळ्याने आधी तोर्नीकडे आणि मग मागून आलेल्या बायकोकडे पाहिलं.

“बोललीस वाटतं.”

“खरं आहे का, एवढंच सांग,” तोर्नी म्हणाला.

“मी प्रमुख आहे, तोर्नी. पोरांना बंदूक कशी धरायची ते मी शिकवतो. हे बाहेर गेलं असतं तर माझी काय किंमत राहिली असती? डोळा गेला तो गेलाच वर. तुझं काय गेलं? पुंगळ्या घासायचा छंद.”

“सगळा हिवाळा मला वाटत होतं, तुझा डोळा मी घेतला.”

“मी तुला एकदा तरी बोल लावला का?”

दारातून आत येताना तोर्नीला वाटलं होतं की हा निदान मान खाली घालेल. त्या प्रश्नानंतर ती आशाही संपली. कुर्‍हाड तशीच ओंडक्यात रुतलेली ठेवून तो घरी गेला.

चमूची वसंतातली बैठक शाळेच्या जुन्या खोलीत होती. तोर्नीने उभं राहून सगळं सांगितलं, फार न वाढवता. आल्वार म्हणाला, “डोळा गेलेल्या माणसावर आता हे काढायचं का?”

“गुनवोरला विचारा,” तोर्नी म्हणाला.

सिक्स्तेनसोबत कॉफी द्यायला आलेली गुनवोर किटली घेऊन उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने सिक्स्तेनकडे पाहिलं, मग किटलीकडे, आणि पुढच्या कपात कॉफी ओतली.

तोर्नीने टोपी घातली आणि चमूतून नाव काढून घेतलं.

उन्हाळ्यात सिक्स्तेनने डोळ्याचं कारण देऊन प्रमुखपद सोडलं. त्याच्यासाठी मोठी मेजवानी झाली. हळूहळू लोकांना खरं काय ते उमगलं असावं, कारण पुढच्या हिवाळ्यात आल्वारने एक भरलेला डबा तोर्नीच्या पायरीवर आणून ठेवला, दार न वाजवता. तोर्नीने तो तसाच उचलून आल्वारच्या पायरीवर नेऊन ठेवला. आल्वार आतून बघत होता. बाहेर आला नाही.

मग तोर्नीने नदीपलीकडच्या गावात शिकारीला जायला सुरुवात केली. तिथे त्याला कुणी फारसं ओळखत नव्हतं आणि त्यानेही ओळख वाढवली नाही. स्वतःच्या चार पुंगळ्या तो आता हातानेच घासतो.

गुनवोर एकदा दुकानात भेटली. दुधाच्या कपाटापाशी दोघंच होते.

“मी तेव्हा बोलायला हवं होतं,” ती म्हणाली.

“हो,” तोर्नी म्हणाला, आणि दूध घेऊन पैसे द्यायला गेला.